शुगरच्या आडचा कर्करोग

टाइप-२ मधुमेहात काही कर्करोगांचा धोका वाढतो. यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट असतो. मोठे आतडे, स्तन, मूत्राशय यांचा त्याहून कमी, पण वाढलेलाच. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा मात्र उलट थोडा कमी आढळतो. रक्तात सतत चढे राहणारे इन्सुलिन, लठ्ठपणा आणि शरीरात धुमसणारा दाह ही त्यामागची मुख्य कारणे मानली जातात.

म्हणून शुगर हाताबाहेर गेली की ‘फुल बॉडी’ पॅकेज करून टाकावे, असे मात्र नाही. अमेरिकेतील मधुमेह व कर्करोग संघटनांच्या २०१० च्या संयुक्त अहवालाचा सल्ला साधा आहे : वयानुसार सर्वांना जी तपासणी सांगितली जाते, तीच मधुमेहींनीही करावी. ती नेमकी त्यांचीच राहून जाते. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) दहाच्या वर आली, की डॉक्टरांची भेट गोळ्या, पथ्य आणि पायाच्या जखमेतच संपते.

दुसरी अडचण लक्षणांची. वजन उतरले, शुगरमुळे. थकवा, शुगरमुळे. तोंडातला व्रण भरत नाही, तोही शुगरमुळेच! बहुतेकदा ते खरेही असते, म्हणून तर फसगत होते. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, शुगर कितीही असली तरी दाखवायलाच हवा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तेही. गर्भाशयाच्या अस्तरासाठी सरसकट चाळणी चाचणी नाही; ते रक्त हाच इशारा. पन्नाशीनंतर, सडपातळ माणसाला, घराण्यात नसताना एकाएकी मधुमेह लागला आणि वजनही घटू लागले, तर स्वादुपिंडाची शंका घ्यावी. फॅटी लिव्हर सिरॉसिसपर्यंत पोचले असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांचा मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाचे कर्करोग यांची तपासणी एकत्रच बांधलेली आहे. आशाताईंच्या एकाच फॉर्मवर तंबाखूही असते आणि कंबरेचा घेरही. गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच, लावून मिनिटभर थांबतात. संशयास्पद भाग पांढरा पडतो. मुंबईत टाटा रुग्णालयाने केलेल्या दीर्घ चाचणीत एवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयामार्फत झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी मधुमेहींना जरा जास्त जिकिरीची. जुन्या, अनियंत्रित मधुमेहात आतड्याची हालचाल मंदावते, जुलाबाचे औषध घेऊनही पोट नीट साफ होत नाही. शिवाय उपाशीपोटी नेहमीचे इन्सुलिन घेतले तर शुगर धाडकन उतरते. म्हणून डोस आधी विचारून घ्यावा, नंबर सकाळचा पहिला मागावा.