डब्यावरचे वॅट आणि फोनचे वॅट

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना भेट देण्यासाठी वायरलेस चार्जिंगचे पंचवीस पॅड एकदम खरेदी केले. डब्यावर ठळक अक्षरांत ‘१५ वॅट’ छापलेले होते, भावही वाजवी होता. पंधरा दिवसांच्या आत कुरकुर कानी येऊ लागली. कुणाचा फोन पॅडवर ठेवला तरी ढिम्म, कुणाचा भरतो पण तासन्‌तास घेतो, तर कुणाचा हात लावू नये इतका तापतो. पैशांपेक्षा पुतण्याला लागले ते एका गिऱ्हाइकाचे शब्द : ‘शेठ, माल पारखून तरी द्यायचा!’

पाच-सहा पॅड मी स्वतः तपासून पाहिले. त्यांपैकी एकही बिघडलेला नव्हता.

पॅडमध्ये तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते व फोनच्या पाठीत दुसरे. पहिल्यातील प्रवाह सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा पालटतो आणि त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व हेच. म्हणजे ज्या फोनच्या पाठीत वेटोळेच नाही, तो कोणत्याही पॅडवर भरणार नाही. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत ते नसते, आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या हाती मुख्यतः तेच फोन असतात. निम्म्या तक्रारींचा उलगडा एवढ्यावरच झाला.

उरलेल्या तक्रारींचे कारण समजण्यास माझा बँकेतील अनुभव उपयोगी पडला. चेक कोणत्याही बँकेचा असो, तो क्लिअरिंगमध्ये वटतो. कारण त्याचा आकार आणि चुंबकीय शाईची पट्टी सर्व बँकांनी मान्य केलेल्या नियमांनुसार असते. २००८ साली स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या संस्थेने चार्जरांसाठी असाच सामाईक नियम घालून दिला. त्याचे नाव ‘ची’. डब्यावर ते इंग्रजी क्यू आणि आय या अक्षरांनी लिहितात. फोन पॅडवर ठेवताच दोघांत संकेतांची देवाणघेवाण होते : आपल्याला किती वीज हवी हे फोन कळवतो, आणि पॅड तेवढीच देतो.

या नियमाची मूळ पायरी ५ वॅटची. त्यापुढील वेगासाठी कंपन्यांनी आपापल्या खासगी रीती काढल्या, आणि घोळ झाला तो येथेच. एका कंपनीच्या पॅडची जलद रीत दुसऱ्या कंपनीच्या फोनला उमगत नाही. मग दोघेही दोघांना येणाऱ्या खालच्या पायरीवर उतरतात. साध्या ‘ची’ पॅडवर आयफोन फार तर साडेसात वॅट घेतो, मग डब्यावर पंधरा लिहिलेले का असेना. २०२० साली आयफोन १२ सोबत आलेल्या मॅगसेफ चार्जरवर मात्र तोच फोन १५ वॅट घेतो. २०२३ मध्ये ‘ची’चा दुसरा अवतार आला. त्यात चुंबकांचे कडे फोनला नेमक्या जागी बसवते आणि इतर कंपन्यांच्या चार्जरवरही १५ वॅट मिळू शकतात. काही अँड्रॉइड फोनांना मात्र त्यासाठी चुंबक असलेले कव्हर घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही, ती म्हणजे पॅडला वीज पुरवणारा अडॅप्टर. पुतण्याने दिलेल्या डब्यांत तो नव्हताच. लोकांनी घरातला जुना ५ वॅटचा अडॅप्टर जोडला. जमाच पाचाची असताना पंधराचा उचल कसा होणार? तापण्याचे कारण वेगळे निघाले. फोन वेटोळ्यावर नीट मध्यभागी बसला नाही, वा कव्हर जाड असले, की बरीच वीज उष्णतेत वाया जाते, आणि अशी उष्णता रोजची झाली तर बॅटरीचे आयुष्य घटते. कव्हरमागे धातूची अंगठी असेल तर ती काढावी. तेथे डेबिट कार्डही ठेवू नये. त्याची चुंबकीय पट्टी खराब होऊ शकते.

‘ची’चे चिन्ह छापायला छापखाना पुरतो, हेही ध्यानात असावे. प्रमाणित उत्पादनांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. तेथे मॉडेल क्रमांक न सापडल्यास मी तो पॅड घेणार नाही.

पुतण्याने ज्यांच्या फोनात वेटोळे नव्हते त्यांचे पॅड परत घेतले आणि त्यांना दुसरी वस्तू दिली. एक पॅड त्याच्या गल्ल्याशेजारी अजून आहे, वीस वॅटच्या अडॅप्टरला जोडलेला. या वर्षी भेटींची यादी करताना त्याने प्रत्येक नावापुढे फोनचे मॉडेल लिहिण्यासाठी एक रकाना आखला आहे.