यमुना जागी होत नाही

सून जिन्यावरून गडगडत खाली येते. कपाळावर रक्त, सासूची किंकाळी, आणि नेमकं तिथंच ‘क्रमशः’. दुसऱ्या रात्री तीच सून पलंगावर दचकून उठते, घाम पुसते, तांब्यातलं पाणी पिते. स्वप्न होतं! पुण्यातल्या ज्या ज्या घरात रात्रीचं जेवण मालिकेसमोर होतं, तिथं अशा वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, वाचली बिचारी. दुसरा चिडतो: मग काल रात्रभर आम्ही जीव मुठीत धरून बसलो, ते कशासाठी?

हा दुसरा पक्ष खरा रसिक आहे. त्याची चीड नीट समजून घ्यायला हवी.

या चिडीचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. ‘डॅलस’ मालिकेतला बॉबी ईविंग १९८५ मध्ये मेला. १६ मे १९८६ च्या भागाअखेर त्याची बायको पॅम सकाळी उठली, तर बॉबी न्हाणीघरात अंघोळ करत होता. सप्टेंबरात उलगडा झाला की मधलं अख्खं वर्ष पॅमचं स्वप्न होतं. त्या वर्षात घडलेली भांडणं, लग्नं, मरणं सगळी रद्द. पुढं २००७ साली ‘द सोप्रानोज’च्या अखेरच्या भागात पडदा अचानक काळा झाला, तेव्हा अनेकांना आपली केबलच गेली असं वाटलं. नायक मेला की जगला, यावर तिथं अजून वाद चालतात. पण हे दोन राग एकाच जातीचे नाहीत. काळा पडदा प्रेक्षकाला उत्तर देत नाही. स्वप्न मात्र आधी दिलेलं उत्तर काढून घेतं.

आपल्याकडे प्रेक्षकांनी शेवटासाठी थेट लढा दिल्याचंही उदाहरण आहे. रामानंद सागरांचं ‘रामायण’ ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकाशी संपलं. वाल्मीकींना आपले मानणाऱ्या उत्तरेतल्या सफाई कामगारांना ते मान्य नव्हतं. वाल्मीकींच्या आश्रमातली सीता आणि लव-कुश यांच्यावाचून कथा पुरी कशी होईल, असा त्यांचा सवाल होता. जालंधरसारख्या शहरांत त्यांनी काम बंद ठेवलं. शेवटी उत्तरकांड दाखवावं लागलं.

पुण्यात ही भांडणं दूरचित्रवाणीच्या आधीपासूनची आहेत. सिंहगडावर आज दूरचित्रवाणीचा मनोरा उभा आहे. त्याच गडाची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणेकरांनी हप्त्याहप्त्यानं वाचली, ती हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात. १८९० मध्ये सुरू झालेलं हे पत्र १९१७ पर्यंत चाललं. राजकारणाला ‘केसरी’ होता, समाजसुधारणेच्या कडाक्याच्या वादांना ‘सुधारक’ होता. हरिभाऊंनी घरातल्या बायकापोरांनाही वाचता येईल अशी जागा काढली आणि तिच्यात आठवड्याला एकेक घास अशी कादंबरी भरवली. आप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाचा, म्हणजे चुलते महादेव चिमणाजी आपट्यांनी उभारलेल्या संस्थेचा कारभार पाहत हा गृहस्थ सत्तावीस वर्षं हप्ते पुरवत राहिला. आजचा मालिकालेखक ज्या जात्यात भरडला जातो, ते पुण्यात पहिल्यांदा हरिभाऊंनी इतकी वर्षं ओढलं.

हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीची कथा नव्यानं सांगायची गरज नाही. यमुना स्वतःच्या तोंडानं आपलं आयुष्य सांगते: माहेर, सासर, रघुनाथरावांबरोबरची मुंबईतली सुखाची वर्षं, त्यांचा मृत्यू, आणि मग शंकरमामंजींच्या हट्टापायी जबरदस्तीनं झालेलं केशवपन. हे हप्त्यांनी वाचणाऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहायला हवं. पुस्तक हातात असलं तर माणूस शेवटची पानं चाळून धीर तरी धरतो. साप्ताहिकाच्या वाचकाला ती सोय नव्हती. मुंबईच्या बिऱ्हाडात हसणाऱ्या यमुनेबरोबर त्यानं आठवड्यांमागून आठवडे काढले होते. तिचं सुख त्याच्याही घरचं झालं होतं. हरिभाऊंनी ते हिरावलं, आणि पुढच्या कुठल्याही अंकात परत केलं नाही.

त्यांना परत करता आलं नसतं का? सहज आलं असतं. काळ त्यांना पर्याय पुरवत होता. १८९० मध्येच मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्यामागं नारायण मेघाजी लोखंडे होते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केलं. म्हणजे कादंबरी पुरी होऊन पुस्तकरूपानं आली, त्या सुमारास त्याच शहरात एका विधवेच्या आयुष्याला वेगळं वळण लागलं होतं. यमुनेची गाठ शारदा सदनाशी घालून देणं हरिभाऊंच्या हातात होतं. वाचकानं सुटकेचा श्वास टाकला असता. पण गोदूबाईंसारखी एखादीच. यमुना मात्र पेठापेठांतल्या वाड्यांत स्वयंपाकघरामागच्या काळोखात बसलेली होती. हरिभाऊंनी शेवट त्या बहुसंख्य बायकांना दिला. यमुना मरते. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह वाचकाच्या पदरात राहतं.

१८९३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये आर्थर कॉनन डॉयलनंही आपल्या नायकाला मारलं. वाचकांच्या संतापापुढं अखेर त्यानं हात टेकले आणि १९०३ मध्ये शेरलॉक होम्स दरीतून जिवंत परतला. यमुनेला परतीची वाट ठेवलेली नव्हती. म्हणूनच तिचं दुःख शंभरहून अधिक वर्षं टिकलं.

या शेवटांबद्दल हरिभाऊंशी आधी कोण बोललं असेल, या शोधाच्या टोकाशी काशीबाई कानिटकर भेटतात. मराठी वाचकाला त्यांचं नाव ठाऊक असतं, पुस्तकं क्वचित. १८६१ साली अष्ट्याला जन्म, नवव्या वर्षी लग्न, अक्षरओळख सासरी आल्यावर, तीही चोरूनमारून. पती गोविंदराव साहित्यिक. हरिभाऊंची या दांपत्याशी दाट मैत्री होती. लिहिलेलं ते त्यांना वाचून दाखवत, काशीबाईंचं मत घेत. एकोणिसाव्या शतकातल्या पुरुष लेखकाला माजघरातली बाई इतकी आतून कशी दिसली, याचं बरंचसं उत्तर या मैत्रीत आहे. हरिभाऊ गेल्यावर त्यांचा पत्रव्यवहार काशीबाईंनीच जपला आणि छापून आणला. त्या पत्रांकडे निव्वळ दोन लेखकांचा स्नेह म्हणून पाहिलं जातं, ते अपुरं आहे. चालू कथेच्या लेखकासमोर बसून, पुढचा भाग लिहिला जाण्याआधी त्याच्याशी बोलू शकणारा वाचक किती कथांना मिळाला?

आणि या वाचकानं स्वतः एक स्वप्न लिहिलं.

‘पालखीचा गोंडा’ ही काशीबाईंची कादंबरी १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एक संस्थान आहे आणि त्याचा कारभार बायकांच्या हाती आहे. तिच्याशेजारी रोकेया सखावत होसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ठेवून वाचावी. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आलेल्या या कथेत पुरुष पडद्यात आहेत, बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून प्रवास करतात. कथा अफाट आहे. पण अखेरीस सांगणारी हवाई गाडीतून घसरते आणि आपल्या खोलीतल्या आरामखुर्चीत जागी होते. रोकेयांसाठी स्वप्न ही ढाल होती, हे मान्य. काशीबाईंनी ती ढाल घेतली नाही. त्यांचं राज्य झोपेत उभं राहत नाही. संस्थान, तिथलं राजघराणं, तिथला कारभार असं कादंबरीच्या जमिनीवर उभं राहतं, आणि कुणी दचकून उठून ते पुसून टाकत नाही. पुण्याच्या मीरा कोसंबींनी २००८ मध्ये काशीबाईंवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘ट्रेझन अगेन्स्ट मेन’, म्हणजे पुरुषांविरुद्ध द्रोह, हे शब्द प्रश्नचिन्हासह आहेत. स्वप्न म्हणून सांगितलं असतं, तर द्रोहाचा प्रश्न इतक्या टोकानं आला असता का?

हरिभाऊंच्या हिशेबात एक बाजू मात्र उधारीची आहे. ‘गणपतराव’, ‘सूर्यग्रहण’, ‘कालकूट’ या त्यांच्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. एक कथा चालू असताना दुसरी सुरू, अंकाची घाई, त्यात नगरपालिका, प्लेगच्या साथीतलं काम, सभासंमेलनं. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कारणं सगळी खरी आहेत. तरी ‘सूर्यग्रहण’च्या वाचकाच्या बाजूनं पाहिलं, तर जयसिंगाच्या स्वारीत अडकलेल्या शिवरायांना कथेच्या अर्ध्या वाटेवर सोडून पानं कोरी होतात. इतिहास ठाऊक असल्यानं वाचक पुढचं मनात भरून घेतो. ‘गणपतराव’च्या वाचकाला तोही आधार नव्हता. हे राहिलेलं ऋण लपवून हरिभाऊंचा गौरव करू नये. यमुनेच्या बाबतीत ज्यानं वाचकाला दिलेला शब्द इतका पाळला, त्याच्याकडूनच ही अपेक्षा आहे.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ पुण्यात वारले. ‘करमणूक’ त्याआधीच थांबलं होतं. काशीबाई आणखी एकोणतीस वर्षं जगल्या. बायकांचं राज्य छापून हाती आलं, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. आपल्या कथा ज्यांना आधी वाचून दाखवाव्यात, अशी माणसं हरिभाऊंना मिळाली होती. काशीबाईंच्या या पुस्तकाचा शेवट वाचून वाद घालायला मात्र हरिभाऊ नव्हते.