मुळशीच्या पाण्यावरचे कोलाड

शनिवार-रविवारी सकाळी कोलाडजवळच्या साजे गावाच्या काठाला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून माणसे पाणी सुटायची वाट बघत उभी राहतात. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बहुतेक नद्यांचे दगड उघडे पडतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही फेसाळत असते. यात निसर्गाची करामत थोडी, टाटांच्या भिरा वीजकेंद्राची जास्त. जनित्रे फिरवून झालेले पाणी नदीत येते आणि त्यावर राफ्ट सुटतात. विजेची मागणी असेल तसे पाणी.

हे पाणी मुळात कोकणाचे नव्हेच. घाटमाथ्यावर मुळशीला मुळा नदी अडवून तिचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरवले आहे. भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी १९२७ पासून रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. त्यासाठी मुळशी पेट्यातली भाताची खाचरे, घरे, देवळे बुडाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरणाविरुद्धच्या देशातल्या अगदी पहिल्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते.

कोलाडचा पर्यटन व्यवसाय उभा आहे तो या पाण्यावर. म्हणून इथे वारसा पर्यटन आणायचे तर सुरुवात राफ्टमध्येच व्हावी. वल्हे कसे धरायचे हे सांगणारा गाईड बहुधा आसपासच्या गावचाच तरुण असतो. त्याने त्याच दमात पाच मिनिटे मुळशीची हकिगत सांगावी. त्याला ना निधी लागतो, ना भूमिपूजन. आपल्याकडे वारसा म्हटले की आधी कमान येते, मग सेल्फी पॉइंट आणि त्यामागून ठेकेदार. सांगणारा माणूस कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

सांगण्यासारखे किती आहे, हे कुड्याला कळते. कोलाडहून इंदापूर, तिथून तळे आणि पुढे राजपुरी खाडीकडे उतरले की डोंगराच्या कुशीत २६ बौद्ध लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात मांदव घराण्याचे महाभोज, म्हणजे इथले सत्ताधारी, नांदत होते. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत त्यांची नावे आहेत. एका महाभोजाची ओळख तर आई विजया हिच्या नावाने दिली आहे. पण मला ओढ लागते ती बाकीच्या दात्यांची. महाभोजांच्या पदरी असलेल्या लेखनिकाच्या घरातले भाऊ आणि त्यांच्या बायका इथे आहेत. सोमदेव नावाचा वैद्य आहे, वधुक माळ्याचा मुलगा आहे. लोखंडाचा एक व्यापारी तर थेट कऱ्हाडहून आलेला. घाटावरचा माल खाडीच्या बंदरांकडे उतरत होता, त्याची ही साक्ष. रायगड जिल्ह्यातल्या शाळकरी पोराला हे लेख मराठीत वाचायला मिळाले, तर सहल नुसती डबे खाऊन परतणार नाही.

रोह्याचा वारसा वाचायचा नाही, बघायचा. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते तेव्हा पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. ही प्रथा इंग्रजी अमलापासूनची. पालखी गावाची आहे. ती पाहुण्यांच्या सोयीने हलवू नये, पाहुण्यांनी तिच्या तिथीला यावे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे हेच गाव, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्मही इथलाच.

पेणला गणपतीचे कारखाने आहेत. हमरापूर, जोहे परिसरात घरोघर मूर्ती घडतात. साच्यातून मूर्ती निघताना बघण्यापेक्षा डोळ्यांची आखणी बघावी: कसलेला कारागीर कुंचल्याने दोन बुबुळे रेखतो आणि इतका वेळ नुसती माती असलेला गणपती आपल्याकडे बघू लागतो. ही आखणी बघायला पैसे मोजणारे पुष्कळ मिळतील. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वादात अडकलेल्या या धंद्याला शाडूकाम शिकवण्याची जोड मिळाली तर बरेच. पेण तालुक्यातच गागोदे आहे, विनोबांचे जन्मगाव.

राहिले गड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत रायगड आणि खांदेरी आपल्या जिल्ह्यातले. रोहा तालुक्यातले अवचितगड, सुरगड, घोसाळगड त्या यादीत नाहीत, आणि माझ्या मते ते बरेच झाले. गर्दी लोटण्याआधी तिथल्या वाटा, टाकी आणि तोफा नीट राखायला अवधी मिळेल.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. कोलाडखाली धाटावची रासायनिक वसाहत आहे, आणि कुंडलिकेच्या प्रदूषणाची तक्रार खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. वरच्या अंगाला नदी तिकीट लावून दाखवायची आणि खालच्या अंगाला तिच्याकडे पाठ फिरवायची, हे पर्यटन धोरणात बसत असेल तर ते धोरण बदलावे.

वाचकहो, या सुट्टीत कोलाडला गेलात तर राफ्टिंग आटोपून लगेच परतू नका. एक रात्र गावात, कुणाच्या घरी राहा. दुसऱ्या दिवशी कुड्याला जा आणि त्या वैद्याचा, त्या माळ्याच्या मुलाचा लेख कोणता, हे विचारा. विचारणारे वाढले की सांगणारेही तयार होतील.