आषाढातील एक निरोप

२०२४ सालची आषाढी एकादशी १७ जुलैस झाली. पंढरीचा गजर कानांत असतानाच, २५ जुलैस, वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी देह ठेवला. नंदाखालचा हा धर्मगुरू ज्ञानोबा-तुकोबांत रमलेला. सागरकाठच्या केळीच्या बागा नि विहिरींचे गोडे पाणी बिल्डरांच्या हव्यासाने धोक्यात आले, तेव्हा वेदीवरून उतरून ते ‘हरित वसई’च्या चळवळीत शिरले, धमक्यांना बधले नाहीत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते काहींना रुचले नाही. वास्तविक संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या या ख्रिस्तसेवकाइतकी मायबोलीची सेवा आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी केली होती? वसईकरांना मात्र ते सदैव आपले ‘फादर’च राहिले.