रक्त गोठण्याचा रिपोर्ट बल्बमध्येच बिघडतो

रिपोर्ट मशीनचा आहे म्हणजे बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा पीटी-आयएनआरचा आकडा मात्र मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेला असू शकतो, आणि त्याच आकड्यावर हृदयाची झडप बदललेल्या माणसाची रक्त पातळ ठेवणारी गोळी कमी-जास्त होते.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘थोडं रक्त मिळालं तरी भागतं’. रक्त घेतात त्या फिक्या निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये सायट्रेटचं द्रावण आधीच मोजून भरलेलं असतं: 0.3 मिली सायट्रेटला 2.7 मिली रक्त. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही; तपासणीच्या वेळी ठरावीक कॅल्शियम परत घातलं जातं. बल्ब अर्धाच भरला तर जास्तीचं सायट्रेट हे कॅल्शियमही अडवतं. रक्त गोठायला उशीर होतो आणि आयएनआर खोटाच वाढतो. मग गोळी कमी केली जाते आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. अर्धे भरलेले दोन बल्ब एकत्र ओतूनही चूक सुधारत नाही, कारण सायट्रेटही दुप्पट होतं.

‘बर्फात ठेवलं की सॅम्पल टिकतं’ हाही गैरसमजच. गार रक्तात गोठवणारा सातवा घटक जागा होतो, आठवा घटक घटतो. निरोगी माणसालाही रक्तस्रावाचा आजार असल्यासारखं दिसू शकतं. दुसरीकडे, मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीपार असतो, त्यामुळे जिंतूर किंवा गंगाखेडहून येणारा बल्ब गाडीच्या तापलेल्या डिकीतही नको. त्याला 18 ते 24 अंश तापमान लागतं. एपीटीटी ही रक्त गोठण्याचीच दुसरी तपासणी 4 तासांत, पीटी 24 तासांत व्हायला हवी. पीटी-आयएनआरसाठी उपाशी राहण्याची मात्र गरज नसते.

पावसाळ्यात शेतात घोणस किंवा फुरसं चावलं, की रक्त गोठतं का हे बघायला दवाखान्यात 20 मिनिटांची साधी तपासणी करतात: 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच कलती करायची. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलं आहे. इथे ‘कुठलीही नळी चालते’ असं मानू नये. काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिक ते काम करत नाही, साबणाने धुतलेली काचही नाही. अशा नळीत चांगलं रक्तही पातळच राहतं, आणि रुग्णाला गरज नसताना प्रतिविष दिलं जाऊ शकतं, ज्याची रिअॅक्शन जिवावर बेतू शकते. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून निर्धास्तही राहू नये. तपासणी पुन्हा करावी लागते.

रक्त देताना बल्ब खुणेपर्यंत भरला का, हे जरूर बघा. गोळी, जेवण, तब्येत काहीच बदललेलं नसताना आयएनआर एकदम उडाला, तर स्वतःहून गोळी बंद करू नका. नव्या सॅम्पलवर तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. कुठून रक्त येत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.