भाजीची जन्मभूमी कशी ओळखतात?

कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या शेजारी ठेवल्या असता कोणती कोठल्या शेतातील, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. विक्रेत्याच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते. जपानात हा प्रश्न फार निकडीचा झाला. जुलै २००० पासून तेथे सर्व ताज्या खाद्यपदार्थांवर उत्पादनाचे ठिकाण लिहिणे सक्तीचे झाले. त्याच सुमारास चीनमधून स्वस्त पातीचा कांदा येऊ लागला होता; एप्रिल २००१ मध्ये सरकारने ठराविक मर्यादेपलीकडील आयातीवर तात्पुरती जबर जकातही बसविली. परंतु परदेशी मालावर कोणी देशी गावाचे नाव घातले तर? त्यात गिऱ्हाइकाची फसवणूक होते आणि प्रामाणिक शेतकऱ्याचा भाव बुडतो.

तेव्हा शास्त्रज्ञांनी साक्ष काढली ती भाजीचीच. वनस्पती मुळांवाटे पाणी शोषते, त्याबरोबर विरघळलेले क्षारही. पोटॅशियम व कॅल्शियम तिला हवेच असतात. पण पोटॅशियमसारखे वागणारे रुबिडियम आणि कॅल्शियमसारखे वागणारे स्ट्रॉन्शियम हीही, गरज नसता, आत शिरतात. जमीन ज्या खडकापासून बनली त्याप्रमाणे, तसेच खतापाण्याप्रमाणे, त्यांचे प्रमाण ठिकठिकाणी बदलते. हा भेद भाजीत उतरतो.

परीक्षेसाठी भाजी धुऊन, वाळवून नत्राम्लात विरघळवितात. द्रावणाचा तुषार काही हजार अंश तापलेल्या आरगॉन वायूत सोडला म्हणजे अणू विद्युत्भारित होतात, व यंत्र वस्तुमानावरून त्यांची वर्गवारी करून मोजणी करते. अब्ज भागांत एक भाग इतका सूक्ष्म अंशही त्यास सापडतो. मात्र एकट्या मूलद्रव्यावरून निर्णय होत नाही. अनेकांचा मेळ, ज्यांचे शेत निश्चित ठाऊक आहे अशा पुष्कळ नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. निष्कर्ष चुकण्याचाही संभव असतोच. म्हणून प्रयोगशाळेने संशय दर्शविला तरी शेवटी अधिकाऱ्यांना व्यापाऱ्याच्या वह्या व पावत्या तपासाव्या लागतात, आणि ते योग्यच होय.

वर्गात ही गोष्ट सांगताना निशिगंधाचा पांढऱ्या फुलांचा दांडा तांबड्या शाईच्या पाण्यात ठेवावा. काही तासांनी पाकळ्यांवर तांबूस छटा दिसू लागते. मात्र तोडलेल्या दांड्यास मूळ नसते; मूळ काही द्रव्ये आत घेते, काही अडविते, हा फरक मुलांना सांगण्यास शिक्षकांनी विसरू नये.