वस्तू की सेवा? मुंबई उपनगरांतील लहान छायाचित्रण-व्यवसायाचे अर्थस्वरूप

छायाचित्रकार गिऱ्हाइकाला नेमके काय विकतो, हा प्रश्न सकृद्दर्शनी क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते आणि छायाचित्र घेऊन जाते. तेव्हा छायाचित्र हीच विकलेली वस्तू होय, असे कोणीही म्हणेल. परंतु याच प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयाला सुमारे चाळीस वर्षांच्या अवधीत अनेकदा करावा लागला आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी सारखे आले नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील स्टेशनांच्या परिसरात दोनतीन माणसांच्या बळावर चालणारे लग्नाचे व व्यक्तिचित्रांचे जे व्यवसाय आहेत, त्यांचा जमाखर्च, त्यांचा हंगाम व त्यांची जोखीम या साऱ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. त्याची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. पूर्वपीठिका

पॅरिस येथे १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. तथापि दीर्घकाळपर्यंत हा व्यवसाय कोट भागात व त्याच्या आसपासच केंद्रित राहिला. १९२८ मध्ये बॅलार्ड इस्टेटमध्ये सुरू झालेला हॅमिल्टन स्टुडिओ हे त्या परंपरेचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे जाऊन छायाचित्र काढविणे हा प्रतिष्ठेचा विषय होता.

उपनगरांतील व्यवसायाची घडण याहून वेगळी आहे. १९२८ मध्येच बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. पुढे १९५० मध्ये आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढविण्यात येऊन पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. नोकरदार कुटुंबांची वस्ती वाढली, आणि तिच्या गरजा प्रतिष्ठेच्या नव्हे तर प्रसंगाच्या होत्या. नोकरीच्या अर्जाला लावावयाचा फोटो, स्थळ पाहताना पत्रिकेबरोबर पाठवावयाचा मुलीचा फोटो, त्यानंतर लग्न, बारसे, मुंज, साठीशांत, आणि अखेरीस भिंतीवर हार घालून लावावयाची तसबीर, असा एका कुटुंबाचा सारा जीवनक्रम एकाच दुकानाच्या पेढीवरून जात असे. व्यक्तिचित्र आणि लग्न हे दोन निरनिराळे व्यवसाय नसून एकाच नात्याची दोन टोके होत, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

२. कागदाचा काळ

फिल्मच्या काळात व्यवसायाचे उत्पन्न प्रामुख्याने कागदावर छापलेल्या प्रतींतून येत असे. १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस आकाराची १२ चित्रे निघत. लग्नाला तीन रोल नेले तर ३६ चित्रे, एवढाच संकल्प. प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसा खर्च होत असल्याने छायाचित्रकार आधी पाही, ठरवी आणि मग चित्र घेई. निवड करण्याचे काम अशा रीतीने मांडवातच पुरे होई. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणे, डार्करूममध्ये कागद धुणे, कृष्णधवल चित्राला हाताने रंग देणे ही कौशल्ये दुकानातच असत.

मूळ छपाईपेक्षाही नंतरच्या प्रतींत अधिक फायदा असे. निगेटिव्ह स्टुडिओत राही आणि मामा, आत्या, मावशी यांच्यासाठी जादा प्रती मागावयास कुटुंबाला त्याच दुकानी परत यावे लागे. निगेटिव्हचा डबा हे छायाचित्रकाराचे खरे भांडवल होते. रंगीत फिल्म आणि तिच्यामागून आलेल्या कलर लॅब यांनी छपाईचे काम दुकानाबाहेर नेले. डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हच नाहीशी केली. सर्व चित्रे पेन ड्राइव्हवर एकदा सुपूर्द झाली की जादा प्रतींचे उत्पन्न संपते. ज्या कागदावर व्यवसाय उभा होता तो कागद अशा प्रकारे हळूहळू बाजूला सरला. अल्बम राहिला, परंतु तोही बहुधा बाहेरून छापून घ्यावयाचा असल्यामुळे त्यात छायाचित्रकाराचा वाटा मर्यादित असतो.

३. हंगाम आणि मुहूर्त

कागद गेल्यावर विकावयास उरला तो छायाचित्रकाराचा वेळ. पण वेळ साठवून ठेवता येत नाही आणि मुहूर्ताचा दिवस सर्वांचा एकच असतो. रूढीप्रमाणे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात विवाह होत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, पौषात पुन्हा थांबतो, आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत जोरात चालतो. पंचांगांत गौण काळातील मुहूर्त दिलेले असले तरी त्यांनी या रचनेत मोठा फरक पडत नाही. परिणामी एका दिवशी तीन ठिकाणांहून बोलावणे येते आणि पुढे महिनाभर दुकान रिकामे राहते. ज्या दिवशी दुसरी ऑर्डर नाकारावी लागते, त्या दिवसाचे नुकसान पुढे भरून काढता येत नाही.

उपनगरांची संमिश्र वस्ती येथे उपयोगी पडते. मरोळ व गोराई येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे उपवासकाळात लग्ने टाळतात, पण नाताळानंतरचे दिवस त्यांना चालतात. आणि मराठी व गुजराती कुटुंबांचा तो बहुधा निषिद्ध काळ असतो. मल्याळी लोकांचा चिंगम महिना लग्नाला शुभ मानला जातो आणि तो ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन चातुर्मासात येतो. मुसलमान कुटुंबे रमजान व मोहरम सामान्यतः वर्ज्य मानतात; परंतु त्यांचे चांद्र वर्ष दरसाल सुमारे ११ दिवसांनी मागे सरकत असल्याने त्यांचा हंगाम काही वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती व कच्छी समाजांत लग्नाचे कार्यक्रम अनेक दिवस चालतात. एकाच समाजात काम करणाऱ्याचे वर्ष सहा-सात महिन्यांचे असते. चार समाजांत ओळख असणाऱ्याचे वर्ष जवळजवळ बारा महिन्यांचे होते.

मात्र ही ओळख केवळ पत्त्यांची नव्हे, विधींचीही असावी लागते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना माळा घालतात, तो क्षण डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच सरतो. त्यातच अक्षतांचा वर्षाव होतो आणि नातेवाईक पुढे सरसावतात. त्यापूर्वीच योग्य जागी उभे राहणे ज्यास साधत नाही, त्याचा कॅमेरा कितीही मोलाचा असला तरी व्यर्थ होय. कानपिळीला वधूचा भाऊ कोणत्या बाजूने येईल, सप्तपदीत पावले कोठून पडतील, गुजराती लग्नात हस्तमेळाप केव्हा होईल, हे माहीत असणे हा या धंद्याच्या भांडवलाचाच भाग आहे.

४. जमाखर्चाचे एक उदाहरण

वरील विवेचन आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. समजा, एका व्यवसायाचा वार्षिक स्थिर खर्च ९,००,००० रुपये आहे. यात दुकानाचे भाडे, वीज, एका मदतनिसाचा पगार, सामग्रीची घसारा-रक्कम आणि मालकाच्या घरखर्चापुरते वेतन ही सर्व आली. लग्नाची एक ऑर्डर ६०,००० रुपयांची असून तिच्यातून दुसरा छायाचित्रकार, व्हिडिओ, अल्बम व प्रवास यांचे ३५,००० रुपये वजा जातात, उरतात २५,०००. केवळ लग्नांवर खर्च भागवावयाचा तर ३६ ऑर्डरी हव्यात. आता त्याच दुकानात पासपोर्ट साइझचे व इतर व्यक्तिचित्रांचे काम होऊन खर्च वजा जाता दररोज ८०० रुपये मिळतात असे धरले, तर ३०० दिवसांचे २,४०,००० होतात. उरलेल्या ६,६०,००० रुपयांसाठी २७ ऑर्डरी पुरतात. क्षुल्लक भासणारा पासपोर्ट फोटो नऊ लग्नांचा भार उचलतो. मुहूर्ताचे दिवस मोजके असल्यामुळे ३६ आणि २७ यांतील अंतर हे पुष्कळदा तोट्यात जाणारे दुकान आणि टिकणारे दुकान यांतील अंतर ठरते.

नेमके हेच पेढीवरचे उत्पन्न अलीकडे आटत चालले आहे. २०१० पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या पासपोर्ट सेवा केंद्रांत अर्जदाराचा फोटो केंद्रातच घेतला जातो; अंधेरी व मालाड येथील केंद्रांतही हीच पद्धत आहे. आधार नोंदणीतही फोटो नोंदणीच्या जागीच काढतात. पूर्वी शासकीय कागदपत्रांमुळे गिऱ्हाईक स्टुडिओची पायरी चढत असे आणि त्या ओळखीतून लग्नाची ऑर्डर मिळे. ती पायरीच निघाल्यामुळे व्यवसाय एकट्या लग्नावर अवलंबून राहू लागला आहे.

हिशेबात न दिसणारा आणखी एक खर्च आहे. दोन दिवसांच्या लग्नात २,००० चित्रे घेतली आणि प्रत्येक चित्र केवळ दहा सेकंद पाहिले, तरी पहिल्या निवडीलाच साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. त्यांपैकी ३०० चित्रे प्रत्येकी तीन मिनिटे देऊन सुधारली तर आणखी १५ तास जातात. फिल्मचा खर्च गेला असे म्हणतात. वस्तुतः तो पैशांच्या स्तंभातून निघून तासांच्या स्तंभात गेला, आणि बहुतेक लहान व्यावसायिकांच्या वहीत तो स्तंभच नसतो. म्हणूनच भाव ठरविताना स्वतःचे श्रम फुकट धरण्याची चूक या धंद्यात सर्रास होते.

५. कायद्याची दृष्टी

व्यवहारात झालेले हे स्थित्यंतर कायद्याच्या वादांतही उमटलेले आहे. विक्रीकर वस्तूंच्या विक्रीवर लागतो. छायाचित्र काढून प्रती देणे ही विक्री आहे काय, असा प्रश्न सत्तरीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा हा करार मुख्यतः कौशल्याचा व श्रमाचा असून मालाच्या विक्रीचा नव्हे, असे उत्तर मिळाले. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने कामाच्या कंत्राटात वापरलेल्या मालावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला. तरीही २००० मध्ये रेनबो कलर लॅबच्या प्रकरणात न्यायालयाने सेवेचीच बाजू उचलून धरली. २०१५ मध्ये प्रो लॅबच्या प्रकरणात मात्र मत बदलले. करारात प्रधान काय आणि गौण काय हे पाहण्याचे कारण नाही, वापरल्या गेलेल्या कागदादी मालावर राज्याला कर घेता येईल, असा निर्णय झाला. दरम्यान २००१ पासून केंद्र सरकारनेही छायाचित्रणावर सेवाकर बसविलेला होता. एकच छायाचित्र राज्याच्या लेखी वस्तू आणि केंद्राच्या लेखी सेवा ठरले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्याने हा वाद बराचसा शमला, परंतु निःशेष झाला नाही. महाराष्ट्रात केवळ वस्तू पुरविणाऱ्यास नोंदणीसाठी ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीची मर्यादा आहे, तर सेवा पुरविणाऱ्यास ती २० लाखांची आहे. आपण काय विकतो याचे उत्तर लहान छायाचित्रकाराला येथेही द्यावेच लागते.

चित्रावरील हक्काविषयी तर बहुतेकांचा समज कायद्याच्या नेमका उलट असतो. चित्र ज्याने काढले त्याचाच हक्क, असे मानले जाते. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा प्रथम स्वामी तो काढवून घेणारा असतो. लग्नाच्या चित्रपटालाही हेच लागू आहे. तेव्हा वधूचे चित्र दुकानाच्या शोकेसमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर लावण्यापूर्वी तिची संमती घेणे हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. दुसरीकडे, मोबदला घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत असल्याने बिघडलेल्या मेमरी कार्डाची जबाबदारीही छायाचित्रकारावर येऊ शकते. गेलेला माल पुन्हा देता येतो; गेलेला अंतरपाटाचा क्षण पुन्हा देता येत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणे आणि त्याच रात्री दुसरीकडे प्रत ठेवणे ही म्हणूनच या धंद्याची विमापद्धती होय.

६. बयाणा आणि करार

ज्याची विक्री वेळेची, त्याला बयाणा घेतल्यावाचून गत्यंतर नाही. कारण राखून ठेवलेला मुहूर्त ऐनवेळी दुसऱ्यास विकता येत नाही. २०२० व २०२१ मध्ये या तत्त्वाची कसोटी लागली. टाळेबंदीनंतर लग्नास ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात ती २५ माणसे व दोन तास इतकी खाली आली. हंगामच बुडाला. घेतलेला बयाणा परत करावा, पुढील तारखेस वळवावा की ठेवून घ्यावा, याचा उल्लेख तोंडी ठरावांत नव्हता. ओळखीवर चाललेल्या धंद्यात लेखी करार म्हणजे अविश्वास, ही समजूत तेव्हा दोन्ही पक्षांना महाग पडली. तारीख, तास, चित्रे सुपूर्द करण्याची मुदत, बयाण्याची शर्त, प्रसिद्धीची संमती आणि चित्रे किती काळ जतन केली जातील, या सहा बाबी एका पानावर मावतात.

समारोप

वस्तू की सेवा, या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल: उपनगरांतील छायाचित्रकार एके काळी कागद विकत होता व त्यात श्रम मिसळत होता, आज तो राखून ठेवलेला वेळ, विधींचे ज्ञान व विश्वासार्हता विकतो आणि कागद त्याला जोडून देतो. ज्यांनी आपला भाव व आपली वही या बदलानुसार मांडली, त्यांचा धंदा टिकण्याची शक्यता अधिक.

एक विषय मात्र अभ्यासकांपुढे मोकळा आहे. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात किंवा वारसाअभावी स्टुडिओ बंद होतात तेव्हा निगेटिव्हचे डबे रद्दीत, नाही तर चांदी काढणाऱ्यांकडे जातात. हक्क कोणाचा हे कायदा सांगतो. जतन कोणी करावयाचे हे तो सांगत नाही. एखाद्या उपनगराची तीन पिढ्यांची लग्ने, घरे, वेष आणि चेहरे यांचा इतका सलग पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. कुटुंबांची संमती घेऊन अशा डब्यांची निदान नोंद करणे हे काम विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातले आहे, आणि ते डबे शिल्लक आहेत तोवरच करता येण्याजोगे आहे.